दोन सुनांचं चूर्ण

अमळनेरच्या द्रौपदाबाईंच्या घरात दोन सुना, आणि दोघींना जे मिळायचं ते सारखंच मिळणार, हा त्या घरचा कायदा. मोठी प्रज्ञा, बुद्धभूषणची बायको. धाकटी मृणाली, आकाशची. वांग्याचं भरीत वाढतानासुद्धा म्हातारी डोळे बारीक करून दोन्ही ताटं बघायची. शेजारणी हसायच्या. पण या हट्टाला कारण होतं. लग्नानंतर सात वर्षं द्रौपदाबाईंना मूल नव्हतं, आणि ती सात वर्षं सासूने भाजीवरची तर्री जावेला वाढली नि खालचं पाणी यांना. पुढे दोन मुलगे झाले, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून त्यांनी ते मोठे केले, पण ते पाणी काही त्या विसरल्या नाहीत.

दैवाने थट्टाच केली म्हणायची. दोन्ही सुनांना दुखणंही एकच निघालं, बीजकोशांचं, पीसीओएस. चार-चार महिने पाळीचा पत्ता नाही, हनुवटीवर केस, वजन वाढतंय, आणि कूस रिकामी. मृणाली सव्वीस वर्षांची, तिच्या हाताशी अजून दिवस होते. प्रज्ञा सदतीस वर्षांची होती. लग्नाला अकरा वर्षं झालेली, गोळ्या खाऊन जीव विटलेला.

तेवढ्यात धुळ्याला या दुखण्यावर एक अभ्यास सुरू झाल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टर रोशनीमॅडम सातपुड्याच्या पायथ्याच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "दुधाला विरजण बिघडलं की दही बिघडतं ना? पोटातही असे जिवाणू असतात. त्यांचं बिघडलं तर बाईच्या पाळीवरही परिणाम होत असावा. मेथीच्या अर्काने ते सुधारतात का, ते आम्ही बघतोय." मग त्यांनी नियम सांगितला. निम्म्या बायकांना अर्काचं चूर्ण आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच कडू, पण साधं चूर्ण. कुणाला कोणतं, ते मॅडमनाही माहीत नाही. प्रत्येकीने आपल्याच डब्यातलं घ्यायचं, पाळीची तारीख कार्डावर लिहायची आणि दर महिन्याला शौचाचा नमुना बर्फाच्या पेटीतून आणून द्यायचा.

"ती पेटी मांडीवर घीसन एसटीमा बससात?" द्रौपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. दोन्ही सुना हसून हसून लाल झाल्या. त्या घरात इतकं हसू बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

महिन्याभरात प्रज्ञाच्या कार्डावर तारीख पडली. तब्बल सात महिन्यांनी पाळी आली होती. तिने सासूला ते कानात सांगितलं. मृणालीचं कार्ड कोरंच होतं. ती त्या दिवशी जेवायला बसली नाही. द्रौपदाबाईंना ते तर्रीखालचं पाणी आठवलं. एकीला मिळतंय, दुसरीला नाही. दुपारी घर सामसूम असताना त्यांनी दोन्ही डबे परातीत ओतले, हाताने नीट कालवले आणि निम्मं निम्मं परत भरलं. पुढच्या महिन्यात नवे डबे आले, तेव्हाही तेच केलं.

प्रज्ञाच्या कार्डावर पुन्हा तारीख पडली नाही. मृणालीच्याही नाही.

तिसऱ्या खेपेला द्रौपदाबाई हौसेने सुनांबरोबर धुळ्याला गेल्या. मॅडमनी चौकशी केली तेव्हा म्हातारी अभिमानाने म्हणाली, "मना घरमा भेदभाव नही चाले, बाई. दोन्ही डबा एकठा करस नि निम्मे निम्मे वाटस."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. दोघींची नावं अभ्यासातून काढावी लागली, आणि नवीन नावं घेणं तर केव्हाच बंद झालं होतं.

वर्षाने अभ्यास संपला आणि द्रौपदाबाईंना मॅडमचा फोन आला. मृणालीचं चूर्ण साधं होतं, प्रज्ञाचं अर्काचं. "गुण काहींना आला, काहींना नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रज्ञाला आला असता की नाही, ते आता सांगता येणार नाही."

प्रज्ञा मागच्या अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होती. द्रौपदाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी तुना वाटा काढी लिधा, व माय."

"मला माहीत होतं, आई. पहिल्याच दिवशी मी दारातून पाहिलं होतं."

"मंग बोलनी कसाले नही?"

प्रज्ञाने एक पापड उलटला. "अकरा वर्षांत सगळ्या गावाने मला मुलाचं विचारलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमचा हात धरून 'हे माझं आहे' म्हणायला माझी जीभच वळली नाही."

द्रौपदाबाईंनी तिचा हात धरला. "आते जाऊत पुन्हा धुळाले. दुसरं काही सांगतीन त्या."

"नको आई. मागच्या महिन्यात आम्ही दोघं नवराबायको बोललो. आम्ही आता मुलाची वाट बघत नाही."

म्हातारी मोठ्याने रडू लागली. प्रज्ञाने तिला जवळ घेतलं आणि तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. मृणाली आत निजली होती, आणि आपल्यापायी जावेचा वाटा गेला, हे तिच्या कानावर जायला नको होतं.