उघडं डोकं पास

हेल्मेटच्या कारखानदाराने त्याला विकत घेतलंय, अशी कुजबूज निघाली ती प्रयोगशाळेच्या जिन्याखाली, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या सासुरवाडीला पोचलीसुद्धा. अशा बातमीला पाय लागत नाहीत, नातेवाईक पुरतात.

"इतकी वर्षं एक हेल्मेट नापास नाही," लोक म्हणायचे, "हाताला यश म्हणायचं, की पाकिटाला?"

हा गृहस्थ म्हणजे मायक्रो. नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. गडी बोलायचा मायक्रोसेकंदात आणि उगवायचा तासभर उशिरा. काम तसं सरळ. लोखंडी डोक्यावर हेल्मेट बांधायचं, उंचावरून ते ऐरणीवर सोडायचं, आणि डोक्यातला सेन्सर जो धक्का सांगेल तो कॉम्प्युटरने टिपायचा. धक्का ठरल्यापेक्षा जास्त, तर हेल्मेट नापास.

कॉम्प्युटर म्हातारा होता. म्हाताऱ्याकडून पळापळ करून घ्यायची तर ओझं कमी द्यावं लागतं, हे कुणालाही कळेल. सेन्सरकडून एकेक आकडा आला की घंटी वाजते. हातातलं काम टाकून कॉम्प्युटर दाराशी धावतो, आणि तिथे त्याने काय करायचं ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्ट रूटीन. दूधवाला आला की पातेलं पुढे करायचं, दूध घ्यायचं, दार लावायचं. त्याला आत बसवून लग्नाचा अल्बम दाखवायचा नसतो. कारण मागे दुसरा उभा असतो, आणि तो थांबत नाही. पातेलं नसेल तर उंबऱ्यावर ओतून चालू लागतो.

मायक्रोने नेमका अल्बम दाखवला. त्याचं रूटीन दर आकड्याला पडद्यावर निळी रेघ काढी, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकवी आणि वर टूं करून वाजे. तेवढ्यात पुढचे कितीतरी आकडे उंबऱ्यावर सांडून जात. धक्क्याचा सगळ्यात मोठा आकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो नि जातो. तो कायम सांडलेल्यांत.

पाहुणा आला की हा त्याला हाताला धरून पडद्यासमोर उभा करी. "याला म्हणतात रूटीन. लिहून दाखवा कुणीतरी!"

"अहो, पण हेल्मेटला मधोमध चीर गेलीय," एकदा शेजारच्या टेबलावरचा मिस्त्री म्हणाला.

"चीर काय, डोळ्यांना दिसते. विज्ञान आकड्यांवर चालतं."

उंटावरच्या शहाण्यालाही इतक्या वरून बोलणं जमलं नसतं.

पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तीच हेल्मेटं धडाधड नापास केली, आणि मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या. त्यांनी चहाही घेतला नाही.

"हेल्मेट काढा," त्या म्हणाल्या. "नुसतं डोकं टाका."

"नुसतं?"

"तुमचं नाही, लोखंडी."

उघडं डोकं ऐरणीवर खण्णकन आदळलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पडद्यावर निळी रेघ धावली, टूं वाजलं आणि अक्षरं उमटली: पास.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "तुमच्या हिशेबाने माणसाला हेल्मेटच नको."

त्यांनी रूटीन वाचायला घेतलं. मायक्रो बाजूला उभा राहून कौतुकाची वाट पाहत होता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ही हेल्मेटं लोकांच्या डोक्यावर आहेत, कळतंय का? रूटीन चुकलं, असं लिहून द्या. शेरा बसेल, नोकरी राहील. नवं मी बसवून देते. आकडा घ्यायचा, मेमरीत टाकायचा, निघायचं. चित्रं नंतर काढा हवी तेवढी. नाही लिहिलंत, तर लोक म्हणतात ते खरं धरावं लागेल. उद्या सांगा."

घरी बायकोने ऐकून घेतलं. "एवढंच ना? मग लिहा की हो."

"काय लिहू? मला रूटीन लिहिता येत नाही म्हणून?"

"येत नाहीच ना पण!"

"अगं, चार माणसांत नाव आहे माझं."

"नाव? पाकीट खाणारा म्हणतात तुम्हाला!"

"त्यालासुद्धा अक्कल लागते," मायक्रो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "खाल्लं तरी असतंत," ती म्हणाली, "घरात काही आलं तरी असतं."

दुसऱ्या दिवशी त्याने लिहून दिलं: आकडे मी जाणूनबुजून कमी केले.

"खोटं आहे हे," बाई म्हणाल्या. "आकडे फिरवायला आधी ते हातात यावे लागतात."

"माझं रूटीन चोख आहे," मायक्रो म्हणाला. पडलो तरी नाक वर, ते असं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी मात्र तो कागद झडप घालून घेतला. आपल्या नाकाखाली इतकी वर्षं भिकार रूटीन चाललं, यापेक्षा एक चोर सापडला हे त्यांना कितीतरी सोयीचं. मायक्रोला त्याच दिवशी घरी बसवलं. बाईंचं चार ओळींचं रूटीन चढलं आणि हेल्मेटं ओळीने नापास व्हायला लागली. दुकानांतला माल परत मागवावा लागला. कारखानदार शपथेवर सांगत सुटला, "या माणसाला आम्ही कधी पाणीसुद्धा विचारलं नाही हो!" कोण विश्वास ठेवतो?

आता मायक्रो मेव्हण्याच्या दुकानात पंखे दुरुस्त करतो. एखादं गिऱ्हाईक डोळा मिचकावून विचारतं, "खरं सांगा, किती मिळाले?" तो छताकडे बघून हसतो. "जाऊ द्या. बड्या लोकांची नावं निघतील." बायको डबा घेऊन आलेली असली, तर तो टेबलावर आपटून निघून जाते.

त्याने कुणाकडून काहीही घेतलं नव्हतं. डोकं ऐरणीवर आदळायचं, त्या क्षणी त्याचं रूटीन पडद्यावर रेघा काढत असायचं.