जुळ्यांतली दुसरी

एडमंटनला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एक नायजेरियन बाई राहायची, योरुबा जमातीची. तिचा मुलगा आणि माझी मुलगी दिवसभर एकमेकांकडे. पुण्याहून सासूबाई आलेल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी त्यांना तिच्याकडे घेऊन गेले.

जेवणाच्या टेबलावर वीतभर उंचीची लाकडी बाई उभी होती. उंच बांधलेले केस, भरलेली छाती, गळ्यात मणी, नाकडोळे पुसट झालेले. सासूबाईंनी तिला देवीच ठरवलं. करंड्यातलं हळदीकुंकू तिच्या कपाळाला लावलं आणि मला म्हणाल्या, "नमस्कार कर. मुलगा माग."

शेजारीण हसली. देवी नाही, माझी मुलगी आहे, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. जुळ्यांतली दुसरी, जन्मल्यावर आठवड्यात गेली. त्यांच्यात गेलेल्या जुळ्याची मूर्ती कोरून घेतात, तीही बाळाची नाही, मोठ्या झालेल्या बाईची. आई तिला रोज न्हाऊ घालते, भरवते. तसा चेहरा झिजत जातो.

मी हे मराठीत सांगितल्यावर सासूबाईंनी हात झटकले. "मेलेलं पोर जेवायच्या टेबलावर? शी. घरी गेल्यावर आधी आंघोळ कर."

माझ्या अंगाची लाही झाली. चार वर्षांपूर्वी मलाही दोन मुली झाल्या होत्या. एक दुसऱ्याच दिवशी गेली. बारसं एकीचं झालं. सासूबाईंनी पुण्याहून दोन कुंच्या शिवून आणल्या होत्या, त्यातली एक त्यांनी गुपचूप बॅगेत टाकून परत नेली. एक तरी वाचली ना, म्हणाल्या. फोनवर जो तो तेच म्हणाला. मी रडायला लागले की नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर पडायचा. पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवलं, आणि मी, तिची आई, मान डोलावून मोकळी झाले. त्यांच्यावरचा राग एक वेळ निवेल. त्या डोलावलेल्या मानेवरचा नाही.

"आमचीही अशीच एक आहे," मी म्हणाले. शेजारणीला इंग्रजीत, मग सासूबाईंना मराठीत.

माझी मुलगी टेबलाजवळ खाली बसून गाड्यांशी खेळत होती. तिनं वर पाहिलं. "व्हॉट्स हर नेम?"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "चल."

मी हात सोडवला. मुलीजवळ जमिनीवर बसले आणि खरं ते सांगितलं, की तुझ्या बहिणीचं नाव आम्ही ठेवलंच नाही. सासूबाई एकट्याच बूट चढवून निघून गेल्या. मी त्यांच्यामागे गेले नाही.