बुंदीच्या पुढचे अडतीस सेकंद

साखऱ्याचा कोंडीबा ड्रायव्हर बावीस वर्षं एकाच मालकाकडे होता. एवढ्या काळात मालकाच्या तीन गाड्या बदलल्या, दोन पक्ष बदलले, कोंडीबा तेवढा तोच राहिला. शिवशंकरराव हे पाहुण्यांना कौतुकानं सांगत. "हा एकच पार्ट हाय, कधी बदलावा लागला न्हाई," असं म्हणत. कोंडीबा समोर पाहत गाडी चालवी. ड्रायव्हरला ही एक सोय असते. तोंड लपवायला रस्ता आयता मिळतो.

प्रियंकाच्या, म्हणजे मालकाच्या लेकीच्या, लग्नाच्या वर्षी मालकानं गाडीत डिस्कचा प्लेअर बसवून घेतला. हिंगोलीच्या मिस्त्रीनं डॅशबोर्ड उघडून पडदा बसवला, रिमोट हातात दिला आणि एक गोष्ट बजावली. गाणी कधीही लागतील, पण चित्र दिसायचं तर हँडब्रेक ओढलेला पाहिजे. चालत्या गाडीत पडदा काळा, नुसता आवाज.

"एक वायर इकडची तिकडं केली की चालत्या गाडीतबी दिसतंय," मिस्त्री म्हणाला. "करून देऊ का?"

"नको," कोंडीबा म्हणाला. "मला रस्ता पाहू दे."

नव्या गाडीची वायर तोडायला मालकालाही जिवावर आलं. वायर तशीच राहिली. रिमोट कोंडीबाच्या खिशात गेला, कारण बटणं दाबणं हे मालकाच्या मते नोकरीतलं काम होतं.

लग्न दणक्यात झालं. कोंडीबा पहाटेपासून पाहुणे वाहत होता. दुपारी चारच्या पंगतीला त्याला जागा मिळाली. वरणभात झाला, बुंदी वाढली गेली. पहिला घास तोंडात गेला आणि मागून मालकाची हाक आली, "कोंडीबा, ऊठ! गाडी काढ!"

तो घास तोंडात धरूनच उठला. उष्ट्या हातानं, धोतराचा सोगा सावरत, पंगतीच्या मधून पळाला. कुणाची वाट अडली म्हणून एवढी घाई, ते नंतर कळलं. बँडवाल्यांच्या टेम्पोची. परत आला तेव्हा त्याचं ताट उचललेलं होतं.

हेही तो विसरला असता. इतक्या वर्षांत बरंच विसरला होता. पण व्हिडिओवाल्याचा कॅमेरा नेमका त्या पंगतीवर होता.

लग्नाचा व्हिडिओ इतर लोक मोबाईलवर घेतात. शिवशंकररावांनी डिस्कच मागितली, गाडीत प्लेअर होता म्हणून. आणखी एक सूचना दिली होती. पंगतीच्या भागात गाणं टाकायचं नाही, लोक जेवणाची तारीफ करतात ती ऐकू आली पाहिजे. पहिल्यांदा शिडी लावली (गावात डिस्कला शिडीच म्हणतात) आणि पंगत आली, तसे मालक सीटवर आडवे होईपर्यंत हसले.

"अरे हे पाहा! आमचा कोंडीबा! गाल पाहा गाल! मागं घे रे, पुन्ना दाखव!"

कोंडीबानं मागं घेतलं. मागं घेतलं की पडद्यावरचा कोंडीबा उलटा धावत येई, ताटावर बसे आणि तोंडातली बुंदी काढून ताटात ठेवी. याला तर मालक टाळ्या वाजवीत.

तेव्हापासून गाडीत नवा माणूस बसला की हुकूम ठरलेला. "कोंडीबा, घे बाजूला, दाखव तुझी बुंदी." चित्र दिसायला गाडी थांबलेली हवी, तेव्हा स्वतःच्या फजितीसाठी हँडब्रेक त्यालाच ओढावा लागे. ग्रामसेवकानं पाहिलं, खताच्या दुकानदारानं पाहिलं, जनावरांच्या डॉक्टरानं दोनदा पाहिलं. साखऱ्यात त्याचं नाव बुंदी पडलं. मग ते नाव सेनगावच्या जीप स्टँडवर गेलं आणि तिथून, जीपनंच बहुधा, त्याच्या लेकीच्या सासरी पोचलं.

दिवाळीत तो पल्लवीला भेटायला गेला. व्याही संतराम माणूस वाईट नव्हता, पण चार माणसांत त्याला विनोद सुचला. ताट पुढं ठेवून म्हणाला, "व्याहीबुवा, निवांत बसा. बुंदी न्हाई आज. पळायची गरज न्हाई."

सगळे हसले. पल्लवी हसली नाही. ती दाराआड तोंड फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. कोंडीबानं ते ताट पूर्ण खाल्लं, कारण उठणं शक्य नव्हतं. परतीच्या एसटीत त्यानं एवढंच ठरवलं: एक दिवस मी ताटावर बसलेला असेन, मालक हाका मारून राहिला असेल, आणि मी उठणार न्हाई. नुसतं न उठून भागणार नव्हतं. हाका मारताना मालकाच्या पोटात खड्डा पडलेला पाहिजे.

असा खड्डा कसा पाडायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. ते शिडीनंच सांगितलं.

हिंगोलीत मालक कचेरीत गेले की दोन-दोन तास बाहेर येत नसत. कोंडीबा गाडीत बसे. एकदा त्यानं हँडब्रेक ओढून शिडी लावली. प्लेअरला जिथं बंद केलं तिथूनच सुरू करायची सवय, पंगत लागली. बुंदी, हाक, पळापळ. दरवेळी इथंच मालक हसत आणि मागं घ्यायला लावत. घरच्या टीव्हीवर एकदा सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं होतं, पण तेव्हा बायका एकमेकींच्या साड्या ओळखण्यात गुंतल्या होत्या. पंगतीच्या पुढं काय आहे हे कान देऊन कुणी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी रिमोट खिशातच राहिला आणि चित्र पुढं गेलं.

कोंडीबा पळून गेल्यावर कॅमेरा तिथंच थांबला होता. मागच्या टेबलावर मोठी मंडळी जेवत होती. मधोमध भागवतराव, हिंगोलीच्या शिक्षणसंस्थेतले वजनदार सभासद. आणि कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी मालकाचा आवाज, वाढप्याला सांगणारा:

"त्या भागवतरावच्या ताटात अजून दोन लाडू टाक. आपला मोत्या मटण असल्याबिगर शेपूट हालवत न्हाई. हे लाडवावर हालवून राहिलं."

त्याच वेळी पडद्यावरचे भागवतराव लाडू फोडून मान डोलवत होते.

कोंडीबानं पुन्हा लावलं. सात वेळा ऐकलं. ताटावरून उठल्यापासून मोत्यापर्यंत बराबर अडतीस सेकंद. तो त्या गाडीत पहिल्यांदा हसला, आणि हसताना काच वर घेतली.

जाऊन भागवतरावांना सांगणं सोपं होतं. पण सांगितलं की ती चहाडी झाली, आणि चहाडीखोर ड्रायव्हर कुणालाच खरा वाटत नाही. मालकाच्या गाडीत, मालकाच्या हुकमानं, मालकाच्याच तोंडून ते बाहेर पडायला हवं होतं. त्यासाठी काही करायचं नव्हतं. थांबायचं होतं, आणि थांबण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. दर सोमवारी तो शिडी बाहेर काढून मऊ फडक्यानं पुशी. चरा पडू नये म्हणून फुंकर घाली. लक्ष्मीबाई, त्याची बायको, एकदा म्हणाली, "देवाचा टाकबी एवढा पुसत न्हाई तुमी."

"देव काय करून राहिला माझ्यासाठी?" कोंडीबा म्हणाला.

दहा महिन्यांनी शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाची निवडणूक आली. शिवशंकररावांना अध्यक्ष व्हायचं होतं आणि सात सभासद भागवतरावांच्या शब्दात होते. भागवतरावांना हिंगोलीहून जेवायला आणायला मालक स्वतः गेले. मान म्हणून मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसले. मोत्याला त्या दिवशी गोठ्यामागं बांधलेलं होतं; तो पाहुण्यांवर भुंकतो म्हणून.

अर्ध्या वाटेत बोलणं संपलं. कोंडीबा आरशातून पाहत होता.

"भागवतराव," मालक म्हणाले, "आमच्या कोंडीबाची करामत पाहिली का न्हाई तुमी? घे रे बाजूला. दाखव तुझी बुंदी."

पुढं रस्त्याकडेला एक हॉटेल होतं. कोंडीबानं गाडी तिथंच घेतली आणि हँडब्रेक ओढला. कधी नव्हे एवढा वर.

"मालक, सकाळपासून पोटात काई न्हाई. तुमी पाहा, मी तवर चार घास खाऊन घेऊ का?"

"खा की! फक्त बुंदी मागू नको!" मालक पाहुण्यांसमोर उदार झाले.

कोंडीबानं शिडी पंगतीच्या सुरुवातीला आणून चालू केली, रिमोट सवयीनं खिशात टाकला आणि आपल्या बाजूची काच खाली ठेवून उतरला. बाहेरच्या बाकावर, गाडीकडं तोंड करून बसला. पिठलं-भाकर आली. त्यानं पहिला घास घेतला.

गाडीतून हसणं ऐकू आलं. मालकाचं मोठं, भागवतरावांचं बेतानं.

"मागं घे, मागं घे! अरे, गेलाच का हा?"

कोंडीबा चावत होता आणि मोजत होता. बत्तीस. तेहतीस. कांदा फोडला. सदतीस.

मोत्याचं नाव स्वच्छ ऐकू आलं. मिस्त्रीनं स्पीकर चांगले टाकले होते.

मग मालक दोन सीटच्या मधून ओणवे झाले आणि पडद्याखालची बटणं दाबू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच दाबत होते. त्यांच्या बोटाखाली मागं जायचं बटण आलं. पंगत पुन्हा सुरुवातीपासून लागली. पडद्यावरचा कोंडीबा घास घेऊन उठला, पळाला. या वेळी कुणी हसलं नाही. अडतीस सेकंदांनी मोत्या पुन्हा आला.

"कोंडीबा! रिमोट कुठं हाय?"

कोंडीबानं भाकरीचा तुकडा मोडला.

"कोंडीबा, ऊठ! गाडी काढ!"

तेच शब्द, तोच आवाज. फक्त आता त्या आवाजाला घाम आला होता.

"जेवून राहिलो, मालक," कोंडीबा म्हणाला.

भागवतराव उतरले. दार हळूच लावलं आणि कोंडीबासमोरच्या बाकावर येऊन बसले. फोन काढून स्वतःची गाडी बोलावली. मग हॉटेलवाल्याला विचारलं, "लाडू हायेत का तुमच्याकडं?"

"न्हाईत, साहेब."

"बरं झालं. चहा द्या." ते कोंडीबाकडं वळले. "किती दिवसांपासून ठाऊक होतं तुला?"

"दहा म्हैने."

"मग सांगितलं न्हाईस काहून?"

"शिडी मालकाची, आवाज मालकाचा," कोंडीबा म्हणाला. "मी नुसता हँडब्रेक ओढला."

शिवशंकरराव गाडीबाहेर उभे होते. तिसरी हाक त्यांनी मारली, पण ती भागवतरावांना होती. भागवतराव चहा फुंकत राहिले. मग मालकाची नजर कोंडीबावर आली. बावीस वर्षांची नोकरी त्या नजरेत संपलेली कोंडीबाला दिसली. त्यानं रिमोट खिशातून काढून बाकाच्या कडेला ठेवला. ज्याला हवा त्यानं येऊन न्यावा.

"अजून काय देऊ?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"गोड काय हाय?"

"बुंदी हाय. पण कालची."

"वाढा."

बुंदी कडक झाली होती, चावायला वेळ लागत होता. मालक उन्हात उभे होते. कोंडीबा एकेक दाणा खात राहिला.