फोनला सांगितलेलं वय

लेकाचा जुना, विचारलं की उत्तर देणारा फोन माझ्याकडे आला, तो मी संशयानंच हातात घेतला. लातूरकडून पुण्याजवळ चिखलीत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण भरवसा म्हणून कशावरच नव्हता. मला खात्री होती, मी फोनला जे विचारीन ते सगळं कंपनीत बसलेल्या लेकाच्या नव्या फोनवर उमटणार.

आणि विचारायचं तर होतंच. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, अन् अचानक पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं. गावाकडं असते तर जावेला विचारलं असतं. इथं सुनेला सांगावं, तर ती नवऱ्याला सांगणार.

मग मी गच्ची गाठली. आधी फोनची परीक्षा घेतली. बाळंतिणीला अळीव का देतात, ते विचारलं. उत्तर बरोबर आलं. तरी वाटलं, एवढं तर कुणीही सांगेल. मग माईकचं बटण दाबून हळूच बोलले, "आमच्या शेजारणीला, वय पस्तीस, मधेच अंगावरून जातंय."

काय ती हुशारी! लेकाला कळलंच, तर आई सुटली पाहिजे ना.

फोन म्हणाला, ताणामुळं असं होऊ शकतं, लक्ष ठेवा. मी खूश. रक्त थांबेना, तरी रोज तेच विचारून तेच ऐकायची.

एकदा मागून आवाज आला. "काकू, पस्तिशीची शेजारीण म्हणजे मीच की! मला तर कायबी झालं नाही. फोनमधी माझी बदनामी करताय व्हय?"

सोलापूरकडची भाभी. तिच्या नवऱ्याचं खाली गॅरेज होतं. मला आधी हसू आलं, मग रडू. सगळं सांगितलं.

"खरं वय सांगा त्याला."

"त्याला कशाला पाहिजे माझं वय?"

"रिक्षावाल्याला कासारवाडी सांगायचं आन् चिखलीला का आणलं नाही म्हणून भांडायचं, असं चाललंय तुमचं."

पंचावन्न सांगितलं. उत्तर पार बदललं. पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर लगेच डॉक्टरला दाखवा. खाली कॅन्सर हा शब्दही होता. मी फोन पदराखाली झाकला.

"दवाखानेवालेच पैसे देऊन हे लिहून घेतात," मी म्हणाले.

"घेत असतील. चला, जाऊन खोटं पाडू."

खोटं काही पडलं नाही. गर्भपिशवीत मांसाची वाढ होती. डॉक्टरीणबाईंनी ती काढून तपासायला पाठवली. त्या दिवसांत मी फोनला हातसुद्धा लावला नाही. काय सांगेल, कोण जाणे.

रिपोर्ट आला. "साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही," बाई म्हणाल्या. भाभीनं डोळ्याला ओढणी लावली. मी मात्र खुर्ची पुढं ओढली.

"माझाच आहे ना हो हा? वय वाचा बरं त्याच्यावरचं."