अकरा मीटरवरचा क्राइन

क्राइन डिंगेमान्से आमच्याकडे बस चालवायचा, समुद्रकाठच्या झिरिकझे गावाहून गूस गावाला आणि परत. बस कधी उशिरा आली नाही, कधी लवकरही सुटली नाही. चौपन्न वर्षांचा, एकटा, कमी बोलणारा. गावात कुणी त्याच्याबद्दल चांगलं बोलत नसे, वाईटही बोलत नसे. लोकांना तो दिसायचा तो फक्त बसच्या आरशात.

मी त्याला वेगळ्या रीतीने ओळखत होते. समुद्राच्या बांधाच्या मागे माझं डायव्हरांचे हवेचे सिलिंडर भरून द्यायचं दुकान आहे, माझ्या वडिलांपासूनचं. क्राइन तेवीस वर्षं माझ्याकडे हवा भरायला येत होता. आमच्या इथे पाण्याची ओढ फार. भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी अर्धा-पाऊण तास थांबतं, तेवढ्यात उतरायचं आणि वर यायचं. क्राइन त्या वेळा बघून पाळ्या बदलून घ्यायचा. बांधाच्या एकाच जिन्याने उतरायचा, एकाच उतारावरून अकरा मीटरपर्यंत जायचा, तिथल्या दगडांमध्ये राहणाऱ्या, खेकड्यासारख्या नांग्यांच्या एका शेवंडाला बघायचा आणि परत यायचा. दोन हजारांवर वेळा उतरला असेल. रबरी पोशाखाला कोपरावर आणि गुडघ्यावर ठिगळं होती. डाव्या हातमोज्याला मी दोनदा सोल्युशन लावून दिलं होतं.

आमच्या भागातल्या डायव्हरांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, नऊ हजार माणसांचा. प्रत्येक वेळी वर आल्यावर क्राइन तिथे चार ओळी लिहायचा. पाणी सहा अंश, दोन मीटरपर्यंत दिसलं, शेवंड घरी होता. बारा वर्षांत कुणी त्यावर काही म्हटलं नव्हतं.

मग ग्रुपमध्ये बास्टियान फान रूनचा शब्द चालायला लागला. हा अडतिसाव्या वर्षी खोल पाण्याचा शिक्षक झालेला, नव्वद-शंभर मीटरवरच्या बुडालेल्या जहाजांवर जाऊन आलेला माणूस. त्याच्या पाठीवर रिब्रीदर असायचं. सोडलेला श्वास ते यंत्र गाळून परत देतं, त्यामुळे पाण्यात एक बुडबुडासुद्धा सुटत नाही, आवाजही जवळजवळ होत नाही. त्या यंत्राच्या किमतीत क्राइनची जुनी गाडी चारदा आली असती. बास्टियान हुशार होता आणि नियमांचा पक्का होता, हे मी खोटं सांगणार नाही. त्याने शिकवलेली माणसं पाण्यात नीट वागायची. पण पाण्याबाहेर त्यांच्या चालण्यातही फरक पडायचा. माझ्या दुकानात दोन बाकं आहेत. त्या वर्षापासून एका बाकावर ते बसायचे आणि दुसऱ्यावर उरलेले.

नोव्हेंबरात क्राइनच्या चार ओळींखाली बास्टियानने लिहिलं, "आजोबा, रोज एकटेच उतरता आणि वर जगजाहीर करता. नवीन पोरं हे वाचतात. तुमचा शेवंड तुम्हाला वर ओढून आणणार आहे का?"

क्राइनने उत्तर दिलं, "बरोबर आहे. पण माझ्या वेळेला कुणी मोकळं नसतं."

त्यावर दोन दिवसांत अडीचशे उत्तरं आली. कुणी म्हणालं, अकरा मीटर म्हणजे अंघोळ. कुणी त्याच्या ठिगळांचा फोटो टाकला आणि विचारलं, हा पोशाख आहे की गोधडी. कुणीतरी त्याचं डोकं एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर चिकटवलं, हातात बादली दिली. ते चित्र बघून मी हसले होते. नुसती हसले नाही, खाली अंगठाही दाबला. दुसऱ्या दिवशी तो हवा भरायला आला तेव्हा बाकावरच्या माणसांनी फोन खिशात टाकले आणि मी दाबाच्या काट्याकडे बघत राहिले.

"यान्ना," तो पैसे ठेवताना म्हणाला, "बादली छान काढलीय."

पुढे मग डिसेंबरातली ती सकाळ. तो दुकानात आला आणि फोन माझ्यापुढे धरला. एक खाजगी निरोप होता. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'शांत', आणि चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. लिहिलं होतं, "आज तू शेवंडाकडे जाताना तीनदा थांबलास. डावा हातमोजा परत फाटलाय."

"बांधावरून कुणीतरी बघितलं असेल," मी म्हणाले.

"बांधावरून अकरा मीटर खालचं दिसतं?"

"मग तूच कुणाला सांगितलं असशील."

"कुणाला सांगणार? मी वर येऊन थेट तुझ्याकडे आलोय. हातमोजा फाटलाय हे मलाही हे वाचूनच कळलं."

त्याने हातमोजा दाखवला. अंगठ्याच्या खाली शिवण उसवली होती.

त्यानंतर दर खेपेला निरोप यायला लागला. धमकी नाही, शिवी नाही. फक्त त्याने काय केलं ते. "आज दिवा उजव्या हातात धरलास." "आज तू त्याच्याशी बोललास. ओठ हलत नव्हते, पण डोकं हलत होतं." क्राइन मला वाचून दाखवायचा, बसमधल्या थांब्यांची नावं वाचावीत तशा आवाजात. तो एकटाच उतरत होता. त्याच्या जिन्यापाशी दुसरी गाडी नसायची. आणि हिवाळ्यातलं आमचं पाणी स्वच्छ म्हटलं तरी दोन मीटरच्या पुढे हिरवट काळोख असतो. एवढं बघायचं तर माणूस हाताच्या अंतरावर हवा.

मी म्हटलं, "काही दिवस जाऊ नकोस."

"तो माझा जिना आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "खाली मला माझ्या बुडबुड्यांशिवाय काही ऐकू येत नाही, यान्ना. इतकी वर्षं मला तेच आवडायचं."

जानेवारीत त्याने एक गोष्ट केली. खाली दगडांना पाठ लावून बसला, दिवा विझवला आणि श्वास रोखला. बुडबुडे थांबले. आधी काही नव्हतं. मग, तो म्हणाला, अगदी जवळून एक बारीक 'टिक' ऐकू आली. घड्याळात येते तशी, पण एकच. बऱ्याच वेळाने आणखी एक. त्याने दिवा लावला तेव्हा समोर नुसतं हिरवं पाणी होतं आणि त्यात गाळ हळूहळू खाली बसत होता, कुणीतरी आत्ताच तिथून हलल्यासारखा.

संध्याकाळी निरोप आला. "बावीस सेकंद श्वास धरलास. कुणाला ऐकत होतास?"

क्राइनने तो मला दोनदा वाचून दाखवला. त्याने ग्रुपमध्ये उघड लिहिलं, "माझ्यामागे पाण्यात कुणी येत असेल तर कृपया समोर या. मी रागावणार नाही. दोघं मिळून जाऊ."

त्यावर जे हसू उसळलं ते मी परत सांगत नाही. फार खोल गेल्यावर चढते ती नशा अकरा मीटरवरच चढलेला जगातला पहिला माणूस, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. बास्टियानने लिहिलं, "एकट्याने उतरलं की माणसाला सोबत दिसायला लागते. म्हणूनच नियम असतात." त्याला चारशे अंगठे पडले. या वेळी मी दाबला नाही. पण त्याच्या बाजूने एक ओळही लिहिली नाही. माझी अर्धी गिऱ्हाइकं बास्टियानच्या बाकावरची होती.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पाणी सकाळी दहाच्या सुमारास थांबणार होतं. क्राइन उतरला. शेवंडाच्या बिळापाशी जाईपर्यंत नेहमीसारखाच वागला. मग त्याने दिवा विझवला, जागच्या जागी वळला, मनात दहा आकडे मोजले आणि लावला.

समोर माणूस होता.

एक मीटरही अंतर नसेल. काळा पोशाख, काळी टोपी, टोपीवर लहानसा कॅमेरा. पाण्यात उभा तरंगत होता, हात किंचित पसरलेले. काचेच्या आत डोळे उघडे होते आणि थेट क्राइनकडे लागलेले होते. बुडबुडा एकही नाही.

क्राइनने मला नंतर सांगितलं की त्याला भीती वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आहे कुणीतरी. त्याने अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, ठीक आहे ना? समोरच्याने उत्तर दिलं नाही. त्याने परत खूण केली. मग दिवा थोडा बाजूला नेला, आणि डोळे दिव्यामागे गेले नाहीत. ते क्राइन होता तिथेच बघत राहिले.

पुढचं त्याने तेवीस वर्षांपूर्वी शिकलेलं होतं आणि एकदाही वापरलेलं नव्हतं. त्या माणसाच्या तोंडातली नळी पट्ट्याने बांधलेली होती, ती हाताने दाबून धरली. त्याच्या तरंगायच्या जाकिटात हवा सोडली, त्याला छातीशी धरलं आणि वर आणलं. जिन्यापाशी ओढलं, पायरीवर डोकं टेकवलं, आणि मग मी क्राइनला ओरडताना ऐकलं. मी त्याला कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं. प्राणवायूची बाटली घेऊन बांध ओलांडून पळाले. काच काढली तेव्हा ओठ निळे होते. चेहरा ओळखायला मला वेळ लागला, कारण तो चेहरा मी नेहमी बोलतानाच बघितला होता.

"बास्टियान आहे," मी म्हणाले.

"आधी प्राणवायूचा मास्क धर," क्राइन म्हणाला.

बास्टियान वाचला. पोलिसांनी यंत्र तपासलं तेव्हा कळलं की प्राणवायूची तोटी जेमतेम अर्धा आटा उघडलेली होती, आणि प्राणवायू कमी पडून तो खालीच बेशुद्ध झाला होता. धोका झाला की त्याच्या डोळ्यासमोर लाल दिवा लुकलुकायला हवा होता, आणि तो लुकलुकतही होता. पण त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली होती. अंधारात तो दिवा क्राइनला दिसला असता म्हणून. पलीकडच्या जिन्याने, तीनशे मीटर लांबून, तो पोहत यायचा. क्राइनने ऐकलेली टिक त्याच्या यंत्राच्या झडपेची होती.

ग्रुपमध्ये आठवडाभर क्राइन मोठा माणूस झाला. बादलीचं चित्र काढणाऱ्यानेही फुलं पाठवली. आठव्या दिवशी वाद सुरू झाला की त्याने बास्टियानला जिवाला अपाय होईल इतक्या भराभर वर आणलं का. क्राइनने ग्रुप सोडला. निरोप घेण्याइतकंही काही लिहिलं नाही.

मे महिन्यात बास्टियान माझ्या दुकानात आला. बारीक झाला होता, बोलताना शब्द शोधत होता. क्राइन सिलिंडर घेऊन उभाच होता.

"तुम्हाला द्यायचं होतं," बास्टियान म्हणाला. निरोपांमध्ये तो तू म्हणायचा. त्याने टेबलावर एक मेमरी कार्ड ठेवलं. "सगळं यात आहे. मी दुसऱ्या कुणाला दाखवलेलं नाही."

"यात काय आहे?"

"तुम्ही."

मी कार्ड लॅपटॉपला लावलं. तिघं बाकावर बसून बघायला लागलो. अंधार, मधे दिव्याचा हिरवा गोळा, त्यात क्राइनची पाठ. ठिगळं मोजता यावीत इतकी जवळ. आवाज फक्त क्राइनच्या बुडबुड्यांचा. तो थांबला की कॅमेरा थांबायचा, तो वळला की कॅमेरा सावकाश मागे सरकून अंधारात जायचा. एका ठिकाणी क्राइन शेवंडासमोर आडवा झाला होता आणि त्याच्या खांद्यावरून कॅमेराही शेवंडाकडे बघत होता, बराच वेळ.

"कशासाठी?" क्राइनने विचारलं.

"तुमच्या चुका टिपायच्या होत्या. ग्रुपवर टाकायला. दोन फेऱ्यांत काम झालं असतं."

"मग?"

"मग टाकावंसं वाटेना. पण यायचं थांबवताही येईना." तो हातांकडे बघत होता. "तिथे खाली मला कुणी काही विचारत नव्हतं. मी कुठे पोचलो, किती खोल गेलो. तुम्हाला तर मी आहे हेच माहीत नव्हतं."

"माहीत होतं," क्राइन म्हणाला.

पडद्यावर तेवढ्यात काळ्या हातमोज्यातला एक हात खालून वर आला. क्राइनच्या सिलिंडरच्या तोटीपाशी गेला. बोटं तोटीभोवती मिटली. तो हात तिथे तसाच राहिला. बुडबुडे येत होते, जात होते. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग बोटं सुटली आणि हात अंधारात परत गेला.

क्राइनने हात लांब करून तेवढा भाग परत लावला, आणि परत एकदा.

"हे कधीचं?"

"जानेवारी."

"काय करणार होतास?"

बास्टियान पडद्याकडे बघत होता. "मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "मी घरी जाऊन हे बघितलं तेव्हा मला कळलं की मी असं केलं होतं."

क्राइनने कार्ड काढलं, त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाला, "बसची वेळ झाली." पोलिसांना त्याने हे कधीच सांगितलं नाही. मीही नाही. बास्टियान परत पाण्यात गेला नाही असं ऐकते. बाकावर आता कुणीही कुठेही बसतं.

क्राइनने मात्र उतरणं सोडलं नाही. फक्त जूनमध्ये त्याने मला विचारलं, माझ्याबरोबर येशील का. मी नऊ वर्षं पाण्यात गेले नव्हते. हो म्हणाले, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"तू पुढे राहा," जिन्यावर तो म्हणाला. "मला पाठीमागे कुणी नको."

तेव्हापासून मी पुढे असते. माझ्या बुडबुड्यांच्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नाही. समोर हिरवा काळोख, आणि क्राइनच्या दिव्याचा उजेड माझ्या खांद्यावरून पुढे पडलेला. बहुतेक वेळा मी वळून बघत नाही. मधूनच कधीतरी पाठीवरच्या सिलिंडरच्या तोटीला काहीतरी हलकेच लागल्यासारखं वाटतं, आणि मी तशीच पुढे जात राहते.