मध्यंतरानंतरचे सिनेमे

गल्लीत त्याला सगळे रीळशेठ म्हणत. शेठपणाचं त्याच्याकडे काही नव्हतं. होते ते पत्र्याचे गोल डबे. पलंगाखाली डबे, कपाटावर डबे. फ्रीजमध्ये एका कप्प्यात दूध नि भाजी अंग चोरून बसलेली आणि बाकी सगळीकडे कोरी फिल्म. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलेलं. रसायनांच्या बाटल्या आत आणि आंघोळीची बादली बाहेर, असा सगळा उफराटा संसार. संसार म्हणायचं तेही तोंडदेखलंच. पन्नाशी उलटली तरी गडी एकटा तो एकटाच.

पोटासाठी तो दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून जोडून द्यायचा. रडणारी आई, नाचणारा मामा, जेवणारे पाहुणे, पुन्हा रडणारी आई. काम चोख करायचा, पण संगणक बंद केला की नळाखाली हात धुवायचा. कुणी विचारलं तर म्हणे, "सवय आहे."

खरं काम वेगळंच होतं. त्याच्याकडे चावीचा जुना कॅमेरा होता. बॅटरी नाही, काही नाही. घड्याळासारखी चावी भरायची की अर्धं मिनिट खरखरत चालायचा. त्यात लेन्समधून बघायची सोय नव्हती. लेन्सच्या शेजारी एक बारीकसं भोक होतं, त्याला डोळा लावायचा. म्हणजे फिल्मचा डोळा वेगळा, माणसाचा वेगळा. दोघं शेजारी बसून एकाच दिशेला बघणार. कॅमेऱ्याची स्प्रिंग गेली की खालचा घड्याळवाला ती बसवून द्यायचा आणि वर टोमणाही हाणायचा.

"रीळशेठ, फोन घ्या की एखादा बरासा. खिशात मावतो, चावी लागत नाही."

"फोनवर कितीही घेता येतं हो. तोच तर वांधा आहे. कितीही घेता येतंय म्हटल्यावर माणूस बघतो कशाला?"

"बरं बाबा, तुम्ही तेवढे डोळस. आम्ही आपले चाचपडतोय."

हे वेड लागलं ते बापामुळे. बाप एका थिएटरात डोअरकीपर होता. मालक कडक. खेळ सुरू झाला की दारात खुर्ची टाकून बसायचा, पोरासोरांना फुकट आत सोडतोय का म्हणून बापावर डोळा ठेवायचा. मध्यंतर झालं, सरबताच्या बाटल्यांचा हिशोब आटोपला की स्वारी घरी जायची. मग बाप बाजूचं दार किलकिलं करून दोन्ही पोरांना आत ढकलायचा. हा आणि याची थोरली बहीण. त्यामुळे या दोघांनी लहानपणी सिनेमे पाहिले ते फक्त मध्यंतरानंतरचे. दुपारच्या खेळाला जुने काळे-पांढरे सिनेमे लागत. नायिका का रडतेय ते यांना ठाऊक नसायचं. पण काय देखणी रडतेय ते दिसायचं. गालावर एकच उजेडाची रेघ, बाकी सगळा अंधार. पडद्यावरच्या त्या उजेडाने पोरगा जो खुळावला तो खुळावलाच.

पूर्वार्ध ताई रचायची. घरी चालत जाताना, त्याचं बोट धरून, हातवारे करत.

"ती रडत होती ना, तिला आधी एक भाऊ होता. मोठ्या डोक्याचा. तुझ्यासारखा भोपळ्या."

"मग? तो दिसला नाही तो?"

"मध्यंतराच्या आधीच मेला रे! म्हणून तर रडत होती."

भोपळ्या मग रस्त्यातच भोकाड पसरायचा आणि ताई त्या भावाला जागच्या जागी जिवंत करायची. मोठेपणी त्यातले दोन-तीन सिनेमे त्याला अख्खे बघायला मिळाले. पूर्वार्ध बघून तो चक्क खट्टू झाला. ताईने रचलेला त्याहून झकास होता.

अशा माणसाने सिनेमा काढायचा ठरवल्यावर नायिका दुसरी कोण असणार? ताई एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची. नवरा लवकर गेलेला, मुलगी एकटीने वाढवलेली. चेहरा असा की बोलताना साधा, गप्प बसली की बघत राहावा. सिनेमा होता एका बाईचा, जी आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलत राहते. ताईच्या सुट्टीच्या दिवशी शूटिंग. दहा-अकरा वर्षं चाललं होतं. ताईचे केस पांढरे झाले, सिनेमातल्या बाईचेही झाले. रंगवायची गरज पडली नाही.

फिल्म जपून वापरायची, म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. आधी तालीम. कॅमेरा रिकामा, लेन्सवर टोपी घट्ट. तशीच चावी भरून तो खरखरत फिरवायचा, आवाजाची सवय व्हावी म्हणून. ताई सगळं करून दाखवायची, पण हात राखून. मग तो फिल्म भरायचा आणि टोपी काढायचा. टोपी असली की तालीम, टोपी निघाली की खरं. तोंडाने सांगावं लागत नसे. ताई टोपीकडे बघूनच ओळखायची.

शेवटचा एकच शॉट उरला होता. बाई शेवटची खोली सोडते. कुलूप लावते, किल्ली खिडकीत ठेवते, जिना उतरते. एवढंच. पण त्यावरून भावाबहिणीची वर्षभर खडाजंगी चालली होती.

"वळणावर थांबायचं आणि मागे बघायचं," तो म्हणे.

"मी नाही बघणार. घर सोडणारी बाई वळून बघत नाही. पाय अडकतात."

"अगं, सिनेमा आहे हा!"

"म्हणून खोटं करू? तुला काय माहीत, तू कधी घर सोडलंयस?"

अशात ताईच्या मुलीला मूल झालं. ती दूरच्या शहरात नोकरीला. तिने मामाला फोन केला, "मामा, आईला आता इकडे कायमची आणतेय. तू नाही म्हणू नकोस हं." तो कशाला नाही म्हणतोय! भाची म्हणजे जीव. फोन ठेवून त्याने फ्रीज उघडला. त्या जातीची फिल्म बनायची केव्हाच बंद झाली होती, आणि उरलेल्या सगळ्या डब्यांत चांगलं असं एकच रीळ होतं. मनाशी म्हणाला, हरकत नाही. शॉट एकच, रीळ एकच. ताई खरोखरचं घर सोडणार त्याच दिवशी घेऊ.

त्या दिवशी जिन्यात हमाल, खोक्यांची धूळ, खाली टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तालमीला वेळच नव्हता. त्याने खालच्या पायरीवर कॅमेरा लावला. लेन्स पुसली, धूळ बसू नये म्हणून टोपी लावली, ताई वर हमालांत गुंतली होती तोवर उजेड न लागू देता जॅकेटात हात घालून रीळ भरलं, चावी पिळली. शेजारच्या भोकाला डोळा लावून म्हणाला, "चल ताई."

ताईने क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग कुलूप लावलं. किल्ली खिडकीत ठेवली. उतरू लागली आणि वळणावर थांबली. वळून बघणार नाही म्हणणारी ती, वळली. पण घराकडे नाही, त्याच्याकडे. जिन्याच्या झरोक्यातून आलेला उजेड गालावर रेघेसारखा पडला होता. लहानपणी पडद्यावर बघितला होता तसाच. खरखर थांबली.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं." तोंड फिरवून, न बघताच तो कॅमेरा पिशवीत कोंबू लागला.

"म्हणजे झालंच?"

"झालं गं. फक्कड झालं."

ताई काही तरी बोलणार होती. बोलली नाही. त्याच्या डोक्यावर हात फिरवला, म्हणाली, "जेवत जा वेळेवर," आणि टेम्पोत बसली.

रीळ त्याने न्हाणीघरात धुतलं. ही फिल्म धुतली की थेट चित्रच यायचं, वेगळी प्रत काढावी लागत नसे. कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली आणि दिवा लावला. काळी. टोकापासून टोकापर्यंत कुळकुळीत काळी. आधी त्याने रसायनांना शिव्या घातल्या. मग फिल्म बनवणाऱ्यांना. मग काही तरी आठवून पिशवीतून कॅमेरा काढला. लेन्सवर टोपी तशीच होती, लहान पोराला आईने घट्ट बसवून दिल्यासारखी.

माणसाच्या डोळ्याने सगळं पाहिलं होतं. शेजारचा डोळा झाकलेला होता. तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला आणि दोरीवरचं रीळ बराच वेळ पंख्याच्या वाऱ्यावर हलत राहिलं.

ताईचे फोन यायचे. बाळाचे दात, मुलीचं ऑफिस, तिकडचं मचूळ पाणी. शॉटचं नाव मात्र ती काढेना. सुरुवातीला त्याला बरं वाटलं. मग ते आत कुठेतरी टोचू लागलं. विसरली, तो मनाशी म्हणे. एवढ्या वर्षांचं काम, साधं विचारावंसंही वाटू नये? नातू मिळाला, भोपळ्या गेला अडगळीत. तो लग्नं कापत राहिला, हात धूत राहिला. घड्याळवाल्याने एकदा विचारलं, "काय शेठ, स्प्रिंग बसवायला आला नाहीत बरेच दिवस?" तेव्हा "चालतोय अजून" म्हणून सटकला. खोलीत शब्द बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे फोन आला की आधी खाकरून घसा मोकळा करावा लागायचा.

शेवटी एका दुपारी त्याला राहवलं नाही. ताई बाळाच्या कुंचीबद्दल सांगत होती, तो मध्येच म्हणाला, "ताई, मी माती खाल्ली. शेवटचा शॉट आलाच नाही. टोपी काढायची राहिली."

"म्हणजे?" ताई म्हणाली. "आत फिल्म होती?"

"होती तर! शेवटचं रीळ होतं ते."

"अरे देवा." ताई मटकन कुठेतरी बसल्याचा आवाज आला. "मला टोपी दिसत होती रे. मला वाटलं तालीम. मग तू झालं म्हणालास, म्हटलं याच्याकडे फिल्म उरलेलीच नाही. माझं मन राखायला रिकामा कॅमेरा फिरवतोय. बोलले असते तर तुझा पाणउतारा झाला असता. म्हणून गप्प बसले. आणि नंतरही विचारलं नाही."

"आणि मी समजत होतो, विसरलीस."

"भोपळ्या, भोपळ्या!" ती हसली, पण हसू मध्येच ओलं झालं. "अरे, तालीम म्हणूनच तर वळले मी. खऱ्याला मी वळणारच नव्हते."

त्याने एका हाताने टेबलावरचा जुना टेपरेकॉर्डर पुढे ओढला, फोनचा स्पीकर लावला आणि बटण दाबलं.

"मग सांग, खऱ्याला काय करणार होतीस?"

"आता सांगून काय उपयोग?"

"सांग गं. आधी सांगायचीस तसं."

ताईने घसा साफ केला. मागे बाळ कुरकुरत होतं, तिने त्याला थोपटलं असावं. मग बोटाला धरून चालताना लागायचा तो तिचा सूर लागला. "ती बाई ना, कुलूप लावते. एकदा ओढून बघते. किल्ली खिडकीत ठेवते, पण पटकन नाही, हाताला चिकटल्यासारखी. मग जिना उतरते. वळण येतं. तिला माहीत असतं, खाली कोणी तरी उभं आहे. म्हणूनच ती बघत नाही. बघितलं तर पुढचं पाऊल पडणार नाही तिचं. ती नुसती चालत राहते, आणि जिन्यात फक्त तिच्या चपलांचा आवाज."

पुढे काही दिवस तो सिनेमा जोडण्यात खपत होता. मग एका दुपारी खिडकीवर चादर टांगून त्याने जुन्या प्रोजेक्टरने अख्खा सिनेमा भिंतीवर लावला. बघायला तो एकटाच. खोल्यांमागून खोल्या, ताईच्या काळ्या केसांपासून पांढऱ्या केसांपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी, चिकटपट्टीने जोडलेलं ते काळं रीळ. भिंत विझली. धुताना पडलेले ओरखडे तेवढे मधूनमधून चमकत होते. त्यावर टेपमधून ताईचा आवाज: कुलूप, किल्ली, वळण, चपला.

बाई वळत नव्हती. त्याला मात्र गालावरची ती रेघ दिसत होती, आणि ती दुसऱ्या कुणालाही कधी दिसणार नव्हती.

रीळ संपलं. पांढऱ्या भिंतीवर टेप अजून चालूच होता.

"झालं?" ताईचा आवाज विचारत होता.

"झालं."

"म्हणजे झालंच?"

"नाही गं. थांब जरा," टेपमधला त्याचाच आवाज म्हणाला.

त्यानंतर नुसती शांतता होती. पलीकडे बाळाचा श्वास, अलीकडे पंखा, आणि फोन कोणीच ठेवत नव्हतं. दुसऱ्यांच्या लग्नांत असला भाग त्याने डोळे मिटून कापला असता. इथे त्याने तो तसाच ठेवला.