सात वाचला, बारा राहिला

वाळूजला माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. मापात केसाएवढा फरक निघाला तरी पार्ट बाजूला काढतो. त्याच हातानं सहा वर्षं कराच्या विवरणपत्रावर न वाचता सही केली, हे आधीच सांगतो.

करसल्लागारानं मला आणि शेजारच्या वर्कशॉपवाल्या भाईंना वैजापूरकडं भागीत जमीन घ्यायला लावली. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणाला. बाकी मी बसवतो. काय बसवतो, ते आम्ही विचारलं नाही. कर दरवर्षी कमी येई, तेवढं पुरे होतं.

मग नोटीस आली : कांदा विकल्याच्या पट्ट्या दाखवा. धंद्यातला नफा त्यानं कांदा म्हणून दाखवला होता. त्या मुरमाडावर आम्ही कांद्याचं रोपसुद्धा लावलं नव्हतं. सल्लागारानं फोन उचलणं बंद केलं.

भाईंनी जबाब टाइप करून आणला : आम्हाला काहीच माहीत नव्हतं, सगळा भरवसा सल्लागारावर होता. एवढ्यावर दंड टळेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"करा सही, भाऊ. यात झूठ काय आहे?"

जबाबाला जोडायला मी घरच्या फाइलीतून सातबाऱ्याचे जुने उतारे काढले. सल्लागार फाइलसाठी दरवर्षी ताजा उतारा मागायचा. तो मीच रांगेत उभा राहून आणायचो आणि त्याला झेरॉक्स द्यायचो. प्रत्येकावर वर, मालकीच्या सातमध्ये, आमच्या नावांखाली ती तपासताना मारलेली माझीच पेन्सिलीची रेघ होती. खाली बारामध्ये, पिकाच्या रकान्यात, सहाही वर्षं न पेरलेल्या जमिनीचा एकच शब्द होता : पड.

मी ते उतारे भाईंपुढं ठेवले. दोघंही शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी माझ्या रेघेवरून बोट खाली पिकाच्या रकान्यापर्यंत नेलं.

"सात वाचला, बारा राहिला," ते म्हणाले. "अब्बा असते तर कान धरला असता."

मी 'काहीच माहीत नव्हतं' ही ओळ खोडली. नवा जबाब हातानं लिहिला : सल्लागारानं खोटं दाखवलं. ते खोटं आहे हे सांगणारा कागद दरवर्षी आमच्याच हातात होता. आम्ही वाचला नाही. कर व्याजासह भरतो.

"दंडही लागेल," भाई म्हणाले.

लागू दे, म्हटलं. वर्कशॉपची नवी मशीन दोन वर्षं पुढं गेली तरी चालेल. सही करून मी कागद त्यांच्याकडं सरकवला आणि पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. खिशातून चष्मा काढला.

"थांबा," म्हणाले, "आधी वाचू द्या."